‘चेक’चे एवढे अर्थ आले कुठून?

अगं, आधी तुझा प्रश्न इथे लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण संदर्भ लागेल. तू बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहेस, इंदूरच्या भंवरकुआँच्या क्लासमधे व्होकॅबची जी झेरॉक्स मिळाली तिच्यात ‘चेक’ या एका शब्दासमोर तपासणे, रोखणे, अंकुश, चौकडीचं कापड, बँकेचा चेक, बुद्धिबळातला शह, हॉटेलचं बिल, सामानाची पावती, बरोबरची खूण असे सगळे अर्थ एकाखाली एक दिलेत आणि तुझं म्हणणं की हे पाठच होत नाही, आज केलं की उद्या विसरायला होतं. मग विचारलंस की हा खरंच एक शब्द आहे का तीन-चार वेगळे शब्द आहेत जे योगायोगाने सारखे ऐकू येतात, आणि बँकेच्या चेकचं स्पेलिंग तेवढं निराळं का.

एकच शब्द आहे. मी बँकेत आधी काउंटरवर आणि मग क्लिअरिंगला, म्हणजे दुसऱ्या बँकांचे चेक वटवायच्या कामाला, बरीच वर्षं काढली आणि रिटायर झाल्यापासून मुलांना इंग्रजी शिकवतो, त्यामुळे या शब्दाशी माझं दोन्हीकडून नातं आहे आणि मला तो मनापासून आवडतो. मराठी मुलांना तर तो घोकायची गरजच नाही कारण त्याची किल्ली आपल्या घरात आधीपासून पडलेली आहे. बुद्धिबळात आपण ‘शह’ म्हणतो ना, तो शह आणि इंग्रजीतला चेक हा मुळात एकच शब्द. फारसीत शाह म्हणजे राजा, दोन्ही तिथूनच निघाले. आपल्याकडे तो सरळ आला, इंग्रजांकडे अरबांच्या मार्फत स्पेन-इटली-फ्रान्स असा मोठा फेरा मारून पोचला आणि वाटेत इतका झिजला की आता ओळखू येत नाही.

थोडं सविस्तर सांगतो. खेळ आपला. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगांची सेना. साधारण सहाव्या-सातव्या शतकात तो इराणात गेला तेव्हा चतुरंगचं ‘चत्रंग’ झालं, पुढे अरबांनी इराण घेतलं आणि त्यांच्याकडे ‘च’ हा उच्चारच नाही म्हणून ‘शतरंज’ झालं, जे आपण हिंदीत आजही म्हणतो. इराणी लोक खेळताना समोरच्याच्या राजावर मारा आला की ‘शाह!’ असं मोठ्याने म्हणून सावध करायचे, म्हणजे बाबा तुझा राजा सांभाळ. आणि राजाला सुटायला जागाच उरली नाही की ‘शाह मात’. अरबांबरोबर हा खेळ साधारण इसवी सन १००० च्या सुमाराला युरोपात पसरला आणि खेळाबरोबर हे दोन शब्द पण गेले. लॅटिनमधे शाहचं ‘स्काक्कुस’ झालं. फ्रेंच लोकांना त्या काळी शब्दाच्या सुरुवातीला ‘स्क’, ‘स्ट’ असं जोडाक्षर बोलायला जड जायचं म्हणून ते आधी एक स्वर लावायचे, अगदी आपल्याकडे इस्कूल आणि इस्टेशन म्हणतात ना तसंच, तर त्यांच्या तोंडी ते ‘एशेक’ झालं, जुन्या उच्चारात ‘एस्चेक’. इंग्रजांनी तो पुढचा स्वर टाकून दिला आणि उरला ‘चेक’.

आणि ‘चेस’? तो याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलाय. म्हणजे इंग्रजीत त्या खेळाचं नावच मुळात ‘शह शह’ असं आहे. जर्मन लोक खेळाला ‘शाख’ म्हणतात, इटालियन ‘स्काक्की’, आणि रशियन तर सरळ ‘शाखमाती’ म्हणतात, म्हणजे शाह-मात पूर्णच्या पूर्ण.

मातबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी कारण हे चुकीचं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. चेकमेट म्हणजे ‘राजा मेला’ असं सांगतात, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. पण मूळ शब्दप्रयोग फारसी आहे आणि फारसीत मात म्हणजे हतबल झालेला, काही सुचेनासा झालेला. खेळाकडे बघितलं तरी हेच पटतं, कारण बुद्धिबळात राजा कधी मारलाच जात नाही, तो कोंडला जातो आणि डाव तिथेच संपतो. मला तरी हाच अर्थ जास्त बरोबर वाटतो. आपण ‘संकटावर मात केली’ म्हणतो ती मात पण हीच.

आता अर्थ कसे फुटले ते बघ. यासाठी शह लागल्यावर पटावर नक्की काय होतं ते डोळ्यासमोर आण. समज तू मस्त डाव रचला आहेस, दोन चालीत समोरच्याचा वजीर खाणार आहेस, आणि तेवढ्यात तो उंट सरकवून तुझ्या राजाला शह देतो. आता तुझा वजीर खायचा बेत तसाच राहिला. नियमच आहे की शह लागला की दुसरी कुठलीही चाल करता येत नाही, एक तर राजा हलव, नाहीतर मधे काही आड घाल, नाहीतर शह देणाऱ्यालाच मार. तुझी घोडदौड एका क्षणात थांबली. ‘चेक’चा दुसरा अर्थ इथून निघाला, थांबवणे, अडवणे, आणि तो इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. आपल्या पेपरात ‘सत्ताधाऱ्यांना शह देण्यासाठी विरोधक एकत्र’ अशी बातमी येते तेव्हा आपण पण अगदी हीच उडी मारतो, पटावरून थेट राजकारणात. फक्त आपला शह तिथे थांबला आणि इंग्रजांचा चेक पुढे चालत राहिला.

हा रोखण्याचा अर्थ एकदा बसला की तुझ्या झेरॉक्समधले निम्मे प्रयोग आपोआप सुटतात. ‘कीप इन चेक’ म्हणजे काबूत ठेवणे. ‘अनचेक्ड’ म्हणजे बेलगाम, ज्याला कोणी अडवलं नाही असा; न तपासलेला असा अर्थ पण होतो पण परीक्षेत उताऱ्यात येतो तेव्हा बहुतेक वेळा बेलगाम. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणजे सरकारच्या एका अंगाने दुसऱ्याला मोकाट सुटू न देणे, इथे तपासणी असा अर्थ लावला की उत्तर चुकतं. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत असशील तर ‘चेक्ड ड्राइव्ह’ म्हणतात, बॅट पूर्ण फिरवायची नाही, मधेच रोखायची. नाल्यावर बांधतात तो चेक डॅम पाणी तपासत नाही, पाणी अडवतो, आणि आपल्या मालव्यात गावागावात लोक त्याला सर्रास स्टॉप डॅम म्हणतात, म्हणजे भाषांतर गावाने आधीच करून ठेवलंय. बोअरिंगच्या पाइपला बसवतात तो चेक व्हॉल्व्ह पण तेच करतो, पाणी वर जाऊ देतो आणि परत खाली येऊ देत नाही.

मग तपासणी कुठून आली? मला वाटतं हे समजायला चेकपोस्टसारखं दुसरं उदाहरण नाही. आग्रा-मुंबई रोडने इंदूरहून धुळ्याकडे निघालं की सेंधव्याच्या पुढे बिजासनचा चेकपोस्ट लागायचा, ट्रकची ही मोठी रांग. तिथे आधी काय होतं, गाडी थांबते. मग कागद बघतात. थांबवणं आणि बघणं ही कामं इतकी एकामागे एक होतात की एकाचं नाव दुसऱ्याला चिकटतं. सतराव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्रजीत हेच झालं, चेक म्हणजे लबाडीला, चुकीला अडवणे, आणि अडवायचं तर ताडून बघावं लागतं, म्हणून चेक म्हणजे ताडून बघणे. ‘ताडून’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सुरुवातीला नुसतं बघण्याला चेक म्हणत नव्हते, दुसऱ्या कशाशी तरी जुळवून बघण्याला म्हणत होते, दोन वह्या, दोन प्रती, दोन तुकडे. हे लक्षात ठेव, बँकेच्या चेककडे जाताना हेच लागणार आहे. जाता जाता, ‘कंट्रोल’ हा शब्द पण असाच आहे, जुन्या फ्रेंचमधे त्याचा अर्थ होता जोडवही, म्हणजे मूळ हिशोब पडताळायला ठेवलेली दुसरी प्रत.

इथपर्यंत शब्दाची एक फांदी झाली. दुसरी फांदी राजापासून निघत नाही, पटापासून निघते, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त रंगतदार आहे.

लॅटिनमधे बुद्धिबळाच्या पटाला ‘स्काकारियम’ म्हणायचे, फ्रेंचमधे त्याचं ‘एशेकिए’ झालं, आणि इंग्रजीत त्याचे दोन शब्द झाले, एक ‘चेकर’ आणि एक ‘एक्सचेकर’. चेकर म्हणजे पटासारखी घरं, आणि त्याचंच आखूड रूप म्हणजे कपड्यातला ‘चेक’. आपल्या एमटी क्लॉथ मार्केटमधे जुने व्यापारी चारखाना म्हणतात, नवीन मुलं चेक्स म्हणतात, आणि दोन्ही नावात घरंच मोजलेली आहेत. मजा अशी की आपल्याकडचा जुना पट दोन रंगांचा नव्हताच, नुसत्या रेघा मारलेली चौसष्ट घरं असायची, इराणी आणि अरबांचे पट पण तसेच. एक काळं एक पांढरं अशी घरं रंगवायची पद्धत युरोपात पडली. मग तिकडे बुद्धिबळ म्हटलं की डोळ्यासमोर चौकडी यायला लागली आणि इंग्रजीत चेक म्हणजे चौकडी झालं, आपल्याकडे मात्र शहचा अर्थ चौकडी असा कधीच झाला नाही.

आता एक्सचेकर. इंग्लंडच्या अर्थमंत्र्याला ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात हे तू जीकेमधे वाचलं असशील. हे बुद्धिबळाच्या पटाचं नाव तिथे कसं गेलं? बाराव्या शतकात पहिल्या हेन्रीच्या काळात राजाचा खजिना वर्षातून दोनदा हिशोबाला बसायचा, ईस्टरला आणि मग सप्टेंबरच्या शेवटी मायकलमसला. प्रत्येक जिल्ह्याचा शेरीफ यायचा, म्हणजे आपल्या भाषेत वसुली करणारा मामलेदार समज, आणि त्याने राजाच्या वतीने किती गोळा केलं, किती खर्च केलं, किती देणं बाकी आहे हे सगळ्यांसमोर मांडलं जायचं. रिचर्ड फिट्झनील नावाचा त्या खजिन्याचाच अधिकारी होता, त्याने ११७० च्या दशकात या सगळ्या कामकाजावर संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहून ठेवलाय, त्यामुळे आपल्याला बारीकसारीक गोष्टी माहिती आहेत. टेबल साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद, चारी कडा चार बोटं उंच म्हणजे वरचं काही घरंगळून पडू नये, आणि त्यावर दरवर्षी ईस्टरला नवं विकत आणलेलं काळं कापड अंथरायचं, ज्याच्यावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा आखलेल्या. या रेघांच्या मधे जे रकाने पडायचे त्यात उजवीकडून पहिला पेनीचा, मग शिलिंगचा, मग पाउंडचा, मग वीस वीस पाउंडचा, मग शेकड्याचा, हजाराचा. मोजणारा माणूस त्यात चकत्या मांडायचा आणि उचलायचा. त्यांच्याकडे तेव्हा रोमन आकडे होते, शून्य नव्हतं, आणि बारा पेनीचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पाउंड असला किचकट हिशोब, तो रोमन आकड्यात कागदावर करून बघ म्हणजे कळेल. कापडावर चकत्या मांडल्या की मात्र ज्याला अक्षर वाचता येत नाही त्या शेरीफलाही समोर दिसायचं की आपल्यावर किती निघतंय.

फिट्झनील स्वतःच सांगतो की या टेबलाला पटाचं नाव का पडलं. एक तर ते पटासारखं दिसतं, आणि दुसरं म्हणजे पटावर जसे दोन राजे झुंजतात तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची झुंज चालते, एक मांडतो, दुसरा काटतो, आणि बाकीचे बसून बघतात. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण ऑडिट म्हणजे काय हे इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठेच वाचलेलं नाही. टेबलाचं नाव हळूहळू त्या कचेरीला पडलं आणि कचेरीवरून खात्याला. स्पेलिंगमधला ‘एक्स’ नंतरच्या विद्वानांनी घुसवला, त्यांना वाटलं फ्रेंचमधला सुरुवातीचा तो स्वर म्हणजे लॅटिनचा ‘एक्स’ असणार. तो तर बोलायच्या सोयीसाठी लागलेला इस्कूलमधला ‘इ’ होता.

याच कचेरीत पावती पण मोठी विलक्षण होती. हेझेल नावाच्या झाडाची काठी घ्यायची, तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, हजार पाउंडला तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पाउंडला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी, आणि मग काठी उभी चिरायची म्हणजे खाचा दोन्ही अर्ध्यांवर येतात. एक अर्धा पैसे भरणाऱ्याकडे, त्याला ‘स्टॉक’ म्हणायचे, दुसरा कचेरीकडे, तो ‘फॉइल’. पुढे भांडण झालं की दोन तुकडे शेजारी धरायचे, खाचा आणि लाकडाच्या रेषा जुळल्या तर खरं. कोणी आपल्या तुकड्यावर गुपचूप एक खाच वाढवली तरी दुसऱ्यावर ती नाही. ही पद्धत १८२६ पर्यंत चालू होती, आणि १८३४ मधे ऑक्टोबरच्या १६ तारखेला साठलेल्या जुन्या काठ्या संसदेच्या तळघरातल्या भट्टीत जाळायला घेतल्या तर धुराडं इतकं तापलं की संसदेची जुनी इमारतच जळून गेली.

फॉइल हा शब्द वाचून तुझ्या लक्षात आलं असेलच. चेकबुकात चेक फाडल्यावर जो भाग राहतो तो काउंटरफॉइल. आणि इथे दोन्ही फांद्या परत एकत्र येतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बँकेच्या आणि खजिन्याच्या व्यवहारात ‘चेक’ हा शब्द जेव्हा येतो तेव्हा त्याचा अर्थ पैसे द्यायचा कागद असा नव्हताच, त्याचा अर्थ होता काउंटरफॉइल, म्हणजे मागे राहणारा तुकडा! कारण लबाडीला आळा घालणारा, ताडून बघायचा भाग तोच होता. मग असा तुकडा असलेल्या कागदाला चेक म्हणायला लागले आणि शेवटी त्या कागदालाच. चेकसारखे कागद इंग्लंडमधे त्याच्या आधीपासून होते, १६५९ सालचा क्लेटन आणि मॉरिस या सावकारी पेढीवर काढलेला हाताने लिहिलेला एक कागद प्रसिद्ध आहे, पण तेव्हा त्याला चेक म्हणत नव्हते.

स्पेलिंगचं उत्तर पण यातच आलं. आधीचं स्पेलिंग साधंच होतं, सी एच ई सी के. नंतर इंग्लंडमधल्या लोकांनी एक्सचेकरच्या वळणाने, म्हणजे सरकारी खजिन्याच्या त्या भारदस्त शब्दाकडे बघून सी एच ई क्यू यू ई लिहायला सुरुवात केली आणि एकोणिसाव्या शतकात ते तिकडे पक्कं झालं. अमेरिकेने जुनंच ठेवलं. त्यामुळे अमेरिकन लोकांनी स्पेलिंग सोपं केलं असं जे सांगतात ते या शब्दाच्या बाबतीत उलटं आहे, त्यांचं जुनं आहे, इंग्रजांचं नंतरचं. आपला कायदा इंग्रजांच्या काळातला, १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, त्यात क्यू-यू-ई आहे, तेव्हा आपल्या परीक्षेत बँकेचा चेक नेहमी क्यू-यू-ई आणि बाकी सगळे चेक सी-के. ‘प्लीज चेक’ला क्यू-यू-ई लिहिलेली उत्तरं मी दर बॅचमधे बघतो, ते मात्र करू नकोस.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो कारण व्हॉट्सअ‍ॅपवर ती सारखी फिरत असते, की चेक हा शब्द अरबी ‘सक्क’पासून आला. अरब व्यापाऱ्यांकडे सक्क नावाचा लेखी दस्तऐवज होता हे शंभर टक्के खरं आहे, दहाव्या शतकातला इब्न हौकल नावाचा प्रवासी सहाराच्या दक्षिणेला अवदाघुस्त गावात बेचाळीस हजार दिनारचा सक्क बघितल्याचं लिहून गेलाय, आणि तो कागद कामात आपल्या चेकच्या जवळचा होता यात वाद नाही. पण काम सारखं म्हणून शब्द एक होत नाही. सक्कमधून आला असता तर इंग्रजीत सुरुवातीपासून त्याचा अर्थ देण्याचा हुकूम असा सापडायला हवा होता, सापडतो मात्र मागे राहणारा तुकडा. शब्दाचा माग काढताना नुसता आवाज जुळून भागत नाही, जुन्यात जुना वापर काय होता ते बघावं लागतं. चेकच्या बाबतीत तो वापर शहाकडे नेतो, सक्ककडे नेत नाही. आणि शेवटी शाह पण फारसीच आहे की, पूर्वेचं श्रेय कुठे कमी होतंय.

कामाचंच बघायचं तर आपल्याकडे हुंडी होतीच, म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे द्यायची चिठ्ठी. आपला इंदूरचा सराफा बाजार आज रात्रीच्या खाण्यासाठी प्रसिद्ध असला तरी एके काळी इथल्या पेढ्यांच्या हुंड्या लांब लांब चालायच्या. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवली की पैसे, मुदती हुंडी म्हणजे ठरल्या मुदतीनंतर. आता त्या १८८१ च्या कायद्याच्या कलम ६ मधली चेकची व्याख्या वाच, ठराविक बँकेवर काढलेलं बिल ऑफ एक्सचेंज, म्हणजे अमक्याला इतके पैसे दे असा लेखी हुकूम, आणि ते मागितल्याबरोबर देय असलं पाहिजे, म्हणजे स्वभावाने तो दर्शनी हुंडीचाच झाला. त्या कायद्याने पहिल्याच कलमात हुंडीच्या स्थानिक रिवाजाला हात लावलेला नाही. इंदूरात १९२० मधे होळकरांच्या काळात बँक ऑफ इंदूर निघाली, पुढे ती स्टेट बँक ऑफ इंदूर झाली आणि २०१० मधे स्टेट बँकेत मिळाली, या काळात इथल्या व्यापाऱ्याच्या हातात हुंडीच्या जागी चेक आला.

तुझ्या घरात चेकबुक असेल तर एक चेक समोर घे. खाली पांढऱ्या पट्टीत आकडे दिसतील, पहिले सहा चेकचा नंबर, पुढचे नऊ एमआयसीआर, म्हणजे मशीनला वाचता येणारा शाखेचा नंबर, त्यातले पहिले तीन शहराचे, इंदूरला ४५२, जे आपल्या पिनकोडचे पहिले तीन आहेत, मग तीन बँकेचे आणि तीन शाखेचे. उजेडात धर, सीटीएस इंडिया असा वॉटरमार्क दिसेल, सीटीएस म्हणजे कागदाऐवजी चेकचा फोटो पाठवून तो वटवायची पद्धत. झेरॉक्स काढ, मूळ कागदावर न दिसणारी ‘व्हॉइड’ किंवा ‘कॉपी’ अशी अक्षरं उमटतील. त्या काठीवरच्या खाचांचं काम आता हे करतात, लबाडी अडवायची आणि जुळवून बघायचं, चेक या नावाचा अर्थ अजून त्या कागदात शिल्लक आहे. आणि बाबांना सांग की काउंटरफॉइल भरत जा, नव्वद टक्के लोक ते कोरं सोडतात आणि मग कोणाला किती दिला हे आठवत बसतात.

बाकी अर्थ आता पटापट. अमेरिकेत सामान ठेवलं की अर्धा टोकन बॅगेला आणि अर्धा हातात देतात, तो बॅगेज चेक, परत तेच दोन तुकडे. हॉटेलचं बिल म्हणजे चेक, हे पण अमेरिकन. बरोबरची खूण इंग्लंडमधे टिक, अमेरिकेत चेक. ‘रेन चेक’ बेसबॉलमधून आला, पावसाने मॅच रद्द झाली की तिकिटाचा फाडलेला तुकडा दुसऱ्या दिवशी चालायचा, १८८० च्या दशकातली पद्धत आहे, आता ‘आय विल टेक अ रेन चेक’ म्हणजे आज नाही जमत, पुन्हा कधीतरी नक्की. ‘ब्लँक चेक’ म्हणजे वाट्टेल ते करायची मोकळीक, हा बँकेचा, म्हणून क्यू-यू-ई.

राहिला ‘चेकर्ड करिअर’, तू त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं आहेस. इथे तपासलेलं असा अर्थ अजिबात नाही, हा पटाच्या फांदीवरचा आहे, एक घर काळं एक पांढरं, म्हणजे चढउतारांनी भरलेली कारकीर्द, आणि ‘चेकर्ड पास्ट’ म्हटलं की जरा काळ्या घरांकडे जास्त झुकतो. इंग्रजी पद्धतीत क्यू-यू, अमेरिकन पद्धतीत सी-के, दोन्ही बरोबर धरतात पण एका पेपरात एकच पद्धत ठेव. आणि जीकेसाठी, ब्रिटिश पंतप्रधानांचं लंडनबाहेरचं घर ‘चेकर्स’, १९२१ पासून पंतप्रधानांकडे आहे, त्याचं नाव बहुतेक बाराव्या शतकातल्या मालकावरून पडलं, जो त्याच एक्सचेकरच्या कचेरीत दरवाज्यावरचा अधिकारी होता.